दिसत नाही, की उघडत नाही?

डोंबिवलीतल्या एखाद्या वन बीएचके घरातले संगणक मोजायला घेतले तर आकडा सहज चारवर जातो. हॉलमध्ये बाबांचा जुना डेस्कटॉप. त्यावर सोसायटीचे हिशेब आणि पंधरा वर्षांचे फोटो. मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप. २०२०च्या टाळेबंदीत कंपनीने दिलेला आणि तेव्हापासून आठवड्यातले दोन-तीन दिवस जेवणाच्या टेबलावर उघडणारा मुलाचा लॅपटॉप. आई घरी डीटीपीची कामं घेत असेल तर तिचं एक जुनं मशीन, ज्याला हात लावायची कुणाला मुभा नाही. इतकी सगळी यंत्रं एका छपराखाली, पण लग्नाच्या व्हिडिओची चार जीबीची फाइल हॉलमधून आतल्या खोलीत न्यायची वेळ आली की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "ड्राइव्हवर टाक, मी डाउनलोड करून घेते."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच, आणि हा वळसा मोजता येतो. ३० एमबीपीएसच्या कनेक्शनवर चार जीबी अपलोड व्हायला साधारण १८ मिनिटं, दुसऱ्या संगणकावर डाउनलोड व्हायला आणखी १८. तीच फाइल घरातल्या घरात १०० एमबीपीएसच्या केबलवरून सहा मिनिटांत जाते; गिगाबिट केबल असेल तर मिनिटाच्या आत. घरातल्या दोन संगणकांमधली ही देवाणघेवाण राउटरपाशीच उरकते, बाहेरच्या तारेपर्यंत जात नाही. त्यामुळे प्लॅन कितीचा घेतलाय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. नेट बंद असलं तरी ती चालते.

मग लोक ही सोय का वापरत नाहीत? बहुतेकांनी वापरून पाहिलेली असते. चार दिवस चालली, मग एक अपडेट आला, किंवा राउटर बदलला, आणि बंद पडली. कुणीतरी यूट्यूबवर सांगितलं म्हणून फायरवॉल बंद केली, 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' दिला, पासवर्डची अट काढली. तरी चाललं नाही ते नाहीच, आणि उघडं केलेलं मात्र उघडंच राहिलं. दुरुस्ती अशी आंधळेपणाने होते, कारण तक्रारच मोघम असते.

"ताई, तुझा लॅपटॉप दिसत नाहीये."

"दिसत नाहीये, की उघडत नाहीये?"

"नाव दिसतंय गं. क्लिक केलं की एरर येतोय."

"अरे मग एरर पूर्ण वाच ना!"

एवढ्या बोलण्यात निम्मं निदान होतं. दिसत नाही, उघडत नाही, आत घेत नाही, उघडतं पण सेव्ह होत नाही, हे चार वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

एरर कुठवर पोचला ते सांगतो

एका संगणकाने दुसऱ्याकडे फाइल मागितली की ती मागणी पाच ठिकाणी अडू शकते. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कात हवीत. एकाला दुसऱ्याचा पत्ता सापडायला हवा. समोरच्या फायरवॉलने मागणी आत येऊ द्यायला हवी. मागणारा कोण, ही ओळख पटायला हवी. शेवटी त्या फोल्डरवर त्याला परवानगी हवी. हा क्रम पाठ असला की विंडोजचा संदेश वाचून आपण कुठवर पोचलो ते कळतं.

एरर क्रमांकाच्या शेवटी ००३५ असेल आणि 'नेटवर्क पाथ नॉट फाउंड' असं म्हटलं असेल, तर अडथळा पहिल्या तीन टप्प्यांत आहे. हाच एरर कमांड प्रॉम्प्टवर ५३ म्हणून येतो. संगणकाच्या सोळाच्या मोजणीत ३५ म्हणजे आपले ५३. क्रमांक १३२६ आला तर पोचलात, पण नाव किंवा पासवर्ड जुळला नाही. शेवटी ०००५ आणि 'ॲक्सेस इज डिनाइड' आलं, तर बहुधा ओळखही पटलीय, फक्त फोल्डरने नकार दिलाय. हा शेवटचा संदेश पाहून लोक राउटर बंद-चालू करतात. त्याने काहीच होणार नसतं, कारण नकार ऐकू आला याचाच अर्थ केबल, वायफाय, पत्ता, फायरवॉल हे सगळं ठीक आहे.

घर एक, नेटवर्क दोन

ठाणे-कल्याण पट्ट्यात पहिल्या टप्प्यावरची सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे दोन राउटर. केबलवाला फायबरचा डबा लावून जातो. त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण दुकानातून दुसरा राउटर आणतो आणि डब्यातून निघालेली केबल त्याच्या 'वॅन' तोंडात खुपसतो. नेट लगेच चालू होतं, सगळे खूश. पण हा दुसरा राउटर आता स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवत असतो.

ओळखायला सोपं आहे. दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या आणि 'आयपीव्ही४ ॲड्रेस' ही ओळ पाहा. समजा डेस्कटॉपवर १९२.१६८.१.७ आणि लॅपटॉपवर १९२.१६८.०.१०४ दिसलं. घरगुती नेटवर्कात साधारणपणे पहिले तीन आकडे सर्व यंत्रांचे सारखे असायला हवेत आणि फक्त चौथा वेगळा. इथे तिसराच वेगळा आहे, म्हणजे डेस्कटॉप डब्याच्या नेटवर्कात आणि लॅपटॉप दुसऱ्या राउटरच्या. याची आणखी एक खूण म्हणजे एकतर्फी रस्ता. लॅपटॉपवरून डेस्कटॉपचा आकडा टाकून फोल्डर उघडतो, डेस्कटॉपवरून लॅपटॉप मात्र काही केल्या उघडत नाही. दुसरा राउटर आतून बाहेर जाऊ देतो. बाहेरून न बोलावता आलेल्याला आत घेत नाही.

उपाय दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. नसेल तर त्या राउटरचा स्वतःचा पत्ता डब्याच्या पत्त्याशी टकरणार नाही असा ठेवा, त्याचं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे 'डीएचसीपी', बंद करा आणि केबल 'वॅन'मधून काढून 'लॅन'च्या तोंडात लावा. मग पत्ते वाटणारा एकच उरतो आणि सगळी यंत्रं एका नेटवर्कात येतात.

१९२.१६८ने सुरू होणारे हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९९६ सालच्या तांत्रिक नियमात ते पक्के झाले. म्हणून नौपाड्यातल्या घरातही १९२.१६८.१.७ असतो आणि टोरांटोतल्या भावाच्या घरातही. घराबाहेर या पत्त्याला अर्थ नाही. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरकडून उत्तरच न आल्याने संगणकाने स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकला आहे, असं समजावं. तेव्हा केबल आणि वायफाय तपासा, शेअरिंगच्या सेटिंगला हात लावू नका.

याच टप्प्यावर आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. एखादा लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर तर नाही? ते वायफाय घरातल्या इतर यंत्रांपासून मुद्दाम तोडलेलं असतं. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू नाही ना? ते चालू असलं की वायफायवरची यंत्रं एकमेकांना भेटत नाहीत, नेट मात्र सुरळीत असतं. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू आहे का? व्हीपीएन असताना त्याची सारी वाहतूक ऑफिसच्या दिशेने जाऊ शकते आणि घरातलं नेटवर्क त्याच्यासाठी बंद होऊ शकतं. ती कंपनीची मर्जी आहे. त्या लॅपटॉपला घरच्या शेअरिंगमधून वगळणं शहाणपणाचं. बदल करायला गेलात तर आयटी विभागाचा फोन येईल.

यादीत नाव नाही, म्हणून संगणक नाही असं नव्हे

एक्सप्लोररच्या डावीकडे 'नेटवर्क'वर क्लिक केलं की घरातल्या संगणकांची यादी यावी, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. एक्सपीच्या काळापासून लागलेली ही सवय. ती जुनी यादी ज्या पद्धतीने तयार व्हायची, ती पद्धत आता विंडोजने गुंडाळली आहे. आज प्रत्येक संगणक स्वतः 'मी इथे आहे' असं जाहीर करतो, आणि हे जाहीर करणारी 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' नावाची सर्व्हिस बंद असेल तर तो यादीत येत नाही. यादीत नसलेल्या संगणकाचं शेअरिंग मात्र ठणठणीत असू शकतं.

म्हणून यादीवर विसंबू नका. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे समोरच्या संगणकाचा आकडी पत्ता टाइप करून एंटर दाबा. फोल्डर दिसले तर शेअरिंग चालू आहे, अडचण फक्त नावाची आहे. तेव्हा ज्या संगणकाचं नाव दिसत नाही त्यावर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन वरची सर्व्हिस 'ऑटोमॅटिक' करा आणि एकदा रिस्टार्ट करा.

नावाकडेही जरा पाहा. विंडोज बसवताना नाव दिलं नाही तर ते स्वतः 'डेस्कटॉप', एक आडवी रेघ आणि सात निरर्थक अक्षरं-आकडे असं नाव ठेवतं. एकूण भरतात १५, कारण जुन्या पद्धतीत नावाला तेवढीच जागा होती. घरात अशी तीन यंत्रं असली की कोणतं कुणाचं हे ओळखणं कठीण. 'बाबा-पीसी'सारखं छोटं नाव इंग्रजी अक्षरांत द्या. फोल्डर आणि फाइलची नावं मात्र बेलाशक मराठीत ठेवा. युनिकोडमधलं 'सोसायटी हिशेब' विंडोजवरून मॅकवर बिनबोभाट जातं.

पब्लिक की प्रायव्हेट

तिसरा टप्पा फायरवॉलचा. नव्या नेटवर्कात शिरताना विंडोज सावध असतं आणि त्याला 'पब्लिक' मानतं. पब्लिक म्हणजे स्टेशनवरचं, हॉटेलातलं, परक्यांमधलं वायफाय. तिथे तुमचा संगणक इतरांना दिसू नये, हे बरोबरच आहे. घरच्या नेटवर्काला मात्र 'प्रायव्हेट' असं आपल्यालाच सांगावं लागतं. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'खाली चालू कनेक्शनच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ती निवड असते. 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हेही प्रायव्हेटपुरतंच चालू करावं.

"काल तर चालत होतं" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. पावसाळ्यात वीज कडाडते, डबा जळतो, केबलवाला नवा लावतो आणि सोय म्हणून वायफायचं नाव-पासवर्ड जुनेच ठेवतो. आपल्याला वाटतं काहीच बदललं नाही. पण विंडोज नुसतं वायफायचं नाव पाहत नाही, राउटरचा हार्डवेअर क्रमांकही पाहतं. त्याच्या लेखी हे नवं नेटवर्क, म्हणून पुन्हा पब्लिक.

फायरवॉल आडवी येतेय का, हे ती बंद न करताही कळतं. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा समोरच्याचा आकडी पत्ता आणि पोर्ट ४४५ देऊन चालवा. विंडोजचं फाइल शेअरिंग याच ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. उत्तराच्या शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर पहिले तीन टप्पे पार झाले, पुढची अडचण ओळखीची किंवा परवानगीची. 'फॉल्स' आलं तर समोरचा संगणक झोपला आहे का, प्रोफाइल कोणतं आहे, आणि अँटीव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल आहे का, हे पाहा. नुसत्या 'पिंग'वर निकाल देऊ नका. पब्लिक प्रोफाइलवर विंडोज पिंगला उत्तर देत नाही, आणि उलट पिंग चालत असतानाही ४४५ बंद असू शकतो.

पिन चालत नाही

चौथा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो. पडद्यावर 'एंटर नेटवर्क क्रेडेन्शियल्स' अशी चौकट येते, आणि माणूस आपल्या लॅपटॉपचं नाव आणि रोजचा चार आकडी पिन टाकतो. चौकट पुन्हा येते. पुन्हा टाकतो. पुन्हा येते.

इथे दोन गैरसमज एकत्र असतात. पहिला असा, की ही चौकट आपली ओळख विचारत नाही; ज्या संगणकावर फोल्डर आहे, तिथल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड विचारते. दुसरा असा, की पिन हा फक्त त्या एका यंत्रासमोर बसून उघडण्यासाठी असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचा ईमेल पत्ता आणि खरा पासवर्ड लागतो. विंडोज बसवल्या दिवशी एकदा टाकलेला तो पासवर्ड आता कुणाच्याच लक्षात नसतो. आणि "बाबांच्या पीसीला पासवर्डच नाही" म्हणून मोकळी चौकट पाठवली तरी उपयोग नाही. पासवर्ड नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज समोर बसून आत घेतं, नेटवर्कवरून घेत नाही.

सरळ मार्ग असा, की ज्या संगणकावर फायली आहेत त्यावर शेअरिंगसाठी एक वेगळं स्थानिक खातं उघडावं, 'घर' अशा काही नावाचं, त्याला नीट पासवर्ड द्यावा आणि बाकीच्या यंत्रांवरून तेच नाव वापरावं. नावाआधी त्या संगणकाचं नाव आणि उलटी तिरपी रेघ लिहिली की कोणत्या यंत्रावरचं खातं, याचा घोळ राहत नाही. कुणाचाच खासगी पासवर्ड वाटावा लागत नाही.

एवढं करूनही चौकट हटत नसेल तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा. जुना, चुकीचा पासवर्ड तिथे साठवून ठेवलेला असतो आणि विंडोज न विचारता तोच पुढे करत राहतं. ती नोंद काढून टाका. १२१९ क्रमांकाचा एरर आला तर तुम्ही त्याच संगणकाला आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात. एका वेळी दोन नावांनी जाता येत नाही. साइन आउट करून पुन्हा आलात की बहुतेकदा हा गुंता सुटतो.

मॅक असेल तर तिथेही अशीच एक खोच आहे. २०१३पासून मॅक आपापसातही विंडोजचीच शेअरिंग पद्धत वापरतात, पण विंडोजवरून मॅकवर जायचं तर फाइल शेअरिंगच्या पर्यायांत त्या खात्यापुढे 'विंडोज फाइल शेअरिंग'ची खूण करावी लागते. ती राहिली की पासवर्ड बरोबर असूनही चूक ठरतो.

दोन दारं

आता 'ॲक्सेस डिनाइड'कडे. आपल्याकडच्या फ्लॅटला बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार असतं. आत यायचं तर दोन्ही उघडी हवीत. फोल्डरचंही तसंच. 'शेअरिंग' टॅबमधली परवानगी हे बाहेरचं दार, 'सिक्युरिटी' टॅबमधली परवानगी हे आतलं. बाहेर 'फुल कंट्रोल' दिला आणि आत त्या खात्याचं नावच नसलं, तर नकारच मिळणार. दोन्हींत जी परवानगी जास्त कडक, ती लागू होते. फोल्डर उघडतो पण त्यात सेव्ह होत नाही, याचं कारण बहुधा हेच: एका ठिकाणी 'चेंज' किंवा 'मॉडिफाय' दिलेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं 'रीड'.

एक चमत्कारिक प्रकार असा, की शेअर केलेल्या फोल्डरमधल्या सगळ्या फायली उघडतात आणि एकच उघडत नाही. ती फाइल कुठून आली ते विचारा. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट करून हलवलेली फाइल जुन्या जागेची परवानगी घेऊन येते, कॉपी-पेस्ट केलेली नव्या फोल्डरची परवानगी घेते. बाबांच्या खासगी फोल्डरमधून कट करून आणलेलं पत्रक नव्या जागीही खासगीच राहतं. त्याची कॉपी काढून मूळ पुसलं की प्रश्न मिटतो.

२०१७ साली काय झालं

पूर्वी हे सगळं इतकं कटकटीचं नव्हतं, असं जुने लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. विंडोज संगणक फायली देण्याघेण्यासाठी वापरतात त्या पद्धतीला एसएमबी म्हणतात. तिचा पाया १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी घातला. ऑफिसातली मोजकी, ओळखीची यंत्रं डोळ्यांसमोर होती. परका कुणी जगाच्या दुसऱ्या टोकाहून येईल, ही शंका तेव्हा नव्हती.

१४ मार्च २०१७ला मायक्रोसॉफ्टने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतलं एक गंभीर भगदाड बुजवणारा अपडेट दिला. अनेकांनी तो टाकलाच नाही. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्याच भगदाडातून शिरून ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले. युरोपोलच्या अंदाजाने १५० देशांतली दोन लाखांवर यंत्रं त्याच्या तावडीत सापडली. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो बाहेर पडला, आणि जिथे शिरला तिथल्या नेटवर्कात याच भगदाडाचा आणि चोरलेल्या पासवर्डांचा वापर करून यंत्रामागून यंत्र गिळत गेला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदरातलं तिच्या समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कने आपलं एकूण नुकसान २० ते ३० कोटी डॉलर इतकं सांगितलं.

त्यानंतर विंडोजने एकेक सोय काढून घेतली. २०१७च्या अखेरीस विंडोज १०मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती, वापरात नसेल तर, आपोआप काढली जाऊ लागली. २००९ साली विंडोज ७बरोबर आलेला, घरगुती शेअरिंग सोपं करणारा 'होमग्रुप' २०१८मध्ये गेला. विंडोज ११च्या २०२४च्या मोठ्या अपडेटने प्रो आवृत्तीत आणखी दोन अटी घातल्या: प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही हवी, आणि बिननावाच्या पाहुण्याला प्रवेश नाही. राउटरच्या मागे पेनड्राइव्ह खोचून केलेली 'घरची हार्ड डिस्क' त्या अपडेटनंतर अनेकांकडे अचानक उघडेनाशी झाली ती यामुळे. शक्य असेल तर त्या राउटरच्या सेटिंगमध्ये पासवर्ड ठेवावा, त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करावं. विंडोजच्याच अटी काढून टाकणं हा उलटा उपाय झाला.

डीटीपीचं जुनं मशीन

महाराष्ट्रात या बदलाचा फटका विशेष बसतो तो मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांना. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल यांची कित्येक वर्षांची कामं पेजमेकरमध्ये पडून आहेत. त्या पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती २००१ सालची. सोबत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम अशी मराठी टंकांची जुनी सॉफ्टवेअर. एका जुन्या विंडोजवर ही घडी नीट बसली की कुणी ती मोडायला धजत नाही. मग नव्या लॅपटॉपवरून त्या यंत्रावरची फाइल मागितली की हाती एरर.

इथे आधी पाहायचं ते जुन्या यंत्रावर कोणतं विंडोज आहे. विंडोज ७ असेल तर त्याला एसएमबीची दुसरी आवृत्ती येते; ती नव्या विंडोजला चालते, त्यामुळे पहिली आवृत्ती चालू करायची गरजच नाही. अडचण असलीच तर वरच्या पाचांपैकी कुठेतरी असेल. एक्सपी असेल तर त्याला फक्त पहिली आवृत्ती येते. इंटरनेटवरचे सल्ले म्हणतात, नव्या विंडोजमध्ये ती पुन्हा चालू करा. तसं केलं की फाइल जाते, पण घरातल्या चांगल्या संगणकावरही २०१७चा धोका परत येतो. एक्सपीचे नियमित अपडेट एप्रिल २०१४मध्येच थांबले आहेत.

त्यापेक्षा एक्सपीच्या यंत्राची नेटची केबल काढून ठेवावी आणि त्याच्यापुरता पेनड्राइव्ह वापरावा. डीटीपीच्या फायली काही एमबींच्या असतात, त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या फायलींसाठी एवढं ध्यानात ठेवा, की 'फॅट३२' पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही, आत कितीही जागा असो.

लाइट गेली, आली

कधी चालतं, कधी चालत नाही, ही तक्रार असेल तर दोन जागा तपासा. पहिली झोपेची: फायली असलेला संगणक पंधरा मिनिटांनी झोपी जात असेल तर शोधणाऱ्याला ००३५च दिसणार. प्लग लावलेला असताना 'स्लीप'ला 'नेव्हर' करा. दुसरी पत्त्याची. लाइट जाऊन आली की राउटर आणि संगणक आपापल्या वेळेने उठतात, आणि काल ७ क्रमांक मिळालेल्या डेस्कटॉपला आज ९ मिळू शकतो. तुम्ही जोडून ठेवलेला ड्राइव्ह मात्र ७लाच शोधत बसतो. राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय असते. तीत डेस्कटॉपचा हार्डवेअर क्रमांक आणि एक कायमचा पत्ता नोंदवला की हा प्रश्न उरत नाही.

जातं पण फार हळू, असं असेल तर केबल पाहा. आतल्या आठपैकी चारच तारा जोडलेली केबल १०० एमबीपीएसवर अडकते, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी. दोन्ही संगणक वायफायवर असतील तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, जिथे यादीत शेजाऱ्यांची वीस वायफाय दिसतात, तिथे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात हे लगेच जाणवतं. मोठी फाइल न्यायची असेल तेव्हा निदान एका संगणकाला तरी केबल लावा.

उघडं राहिलेलं बंद करा

या सगळ्या खटाटोपात फायरवॉल पूर्ण बंद करावी लागेल अशी वेळ एकदाही येत नाही, 'एव्हरीवन'ला सगळं द्यावं लागत नाही, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करावं लागत नाही. कुठल्या टप्प्यावर अडलंय हे कळलं की तेवढीच एक गोष्ट बदलायची असते. ते कळत नाही तेव्हा माणूस दिसेल ती सेटिंग उघडतो. त्यातली एखादी चुकून लागू पडली, तर बाकीच्या कशासाठी उघडल्या होत्या हेही आठवत नाही.

म्हणून शेअरिंग आज चालत असो वा नसो, प्रत्येक संगणकावर एकदा कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट शेअर' ही आज्ञा द्या. त्या यंत्रावरून काय काय वाटलं जातंय, त्याची यादी समोर येईल. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असलेले शेअर सहसा विंडोजचे स्वतःचे, ते राहू द्या. बाकीच्यांत 'डाउनलोड्स', 'यूजर्स' किंवा सबंध 'डी' ड्राइव्ह दिसला, आणि तो कुणी आणि का दिला हे घरात कुणाला सांगता आलं नाही, तर तो शेअर आजच काढून टाका. विंडोजची 'ऑप्शनल फीचर्स'ची जुनी चौकट उघडून 'एसएमबी १.०'पुढे खूण आहे का, तेही पाहा. घरात एक्सपी नसेल तर ती खूण ठेवायचं सहसा काही कारण नाही. असलं तरी त्याच्यासाठी पेनड्राइव्ह आहे.